व्हिसा नाकारला? आधी पत्र वाचा, मग अपिलाचं बघा

समजा, जुलैचा शेवटचा आठवडा आहे. ऑफर लेटर आलंय, डिपॉझिट भरलंय, एज्युकेशन लोन मंजूर झालंय. आईने मेतकूट आणि गोडा मसाल्याच्या पिशव्या सील करून ठेवल्यात. कॅम्पसमधून मिळालेली नोकरी तुम्ही कधीच नाकारलीये. नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडून झालेत. आणि एका संध्याकाळी मेल येतो. पहिल्या दोन ओळींनंतर पुढचं काही दिसेनासं होतं. व्हिसा नाकारलाय.

पुढच्या तासाभरात घरात काय होतं, तेही साधारण ठरलेलं असतं. बाबा विचारतात, ‘अपील करता येईल ना?’ कन्सल्टंट फोनवर म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नका, आपण अपील टाकू.’ मित्र सांगतो, ‘अरे, उद्याच परत अप्लाय कर, माझ्या भावाचं दुसऱ्यांदा झालं होतं.’ या सगळ्या गडबडीत एक काम राहून जातं. नकाराचं पत्र शेवटपर्यंत कोणीच वाचलेलं नसतं.

‘अपील’ हा शब्द आपण आपल्या कोर्टकचेऱ्यांवरून उचललाय. खाली हरलो तर वर जायचं. स्टुडंट व्हिसाच्या बाबतीत हे ‘वर’ बऱ्याचदा नसतंच, आणि असलं तरी ते आपल्याला वाटतं तसं काम करत नाही. शिवाय व्हिसाच्या घड्याळाबरोबर आणखी एक घड्याळ चालू असतं. ते असतं विद्यापीठातल्या नोंदणीचं, म्हणजे एनरोलमेंटचं. अपील जिंकलं, पण तोवर नोंदणीची शेवटची तारीख गेली, तर त्या विजयाचं करायचं काय? म्हणून नकार आल्यावर पहिला प्रश्न ‘अपील करू का?’ हा नसावा. ‘चूक नेमकी कोणाची आणि माझ्या हातात किती दिवस आहेत?’ हा असावा.

चार देश, चार तऱ्हा

आपल्याकडची मुलं सगळ्यात जास्त ज्या देशांकडे बघतात, त्यातल्या चार देशांचं बघू.

अमेरिकेपासून सुरुवात करू. तिथे एफ-१ व्हिसा नाकारला, तर बहुतेक वेळा कारण असतं ‘२१४ (बी)’. १९५२ च्या त्यांच्या इमिग्रेशन कायद्यातलं हे कलम गृहीत धरतं की, समोर आलेला प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच येतोय. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची. बीकेसीतल्या खिडकीसमोर दोन-तीन मिनिटांत ते पटलं नाही की विषय संपला. या निर्णयावर अपील नाही. परत अर्ज करता येतो, पण १८५ डॉलरची व्हिसा फी पुन्हा भरावी लागते. ३५० डॉलरची सेव्हिस फी मात्र त्याच प्रकारच्या व्हिसासाठी १२ महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केला तर परत भरावी लागत नाही. एक फरक लक्षात ठेवा. कागदावर ‘२२१ (जी)’ लिहिलं असेल तर प्रकरण तपासणीसाठी किंवा कागदांसाठी थांबलंय. मागितलेले कागद दिले की ते पुढे सरकू शकतं.

ब्रिटनमध्ये पॉइंट्सचा हिशोब आहे. एकूण ७० पॉइंट लागतात: ५० विद्यापीठाकडून मिळणाऱ्या ‘कॅस’सह शिक्षणाच्या अटींचे, १० पैशांचे, १० इंग्रजीचे. नकार आला तर ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू’ मागता येतो. भारतातून अर्ज केला असेल तर मुदत २८ दिवस, फी ८० पौंड. पण यात बघितलं जातं ते एवढंच की, अधिकाऱ्याने तुमच्याच कागदांवर नियम लावताना चूक केली का. तुम्ही विसरलेला कागद आता जोडून ‘हे बघा ना’ म्हणायची ती जागा नाही.

कॅनडात स्टडी परमिट नाकारलं तर अपील नाही, पण फेडरल कोर्टात न्यायालयीन फेरतपासणी मागता येते. देशाबाहेर घेतलेल्या निर्णयासाठी मुदत ६० दिवसांची. आधी कोर्टाची परवानगी मिळवायची, मग सुनावणी. आणि जिंकलात तरी कोर्ट तुमच्या हातात परमिट ठेवत नाही. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे परत जाते. २०१९ च्या ‘वाविलोव्ह’ निकालानंतर तिथली कोर्टं एक गोष्ट आवर्जून बघतात. अधिकाऱ्याने दिलेली कारणं समोरच्या कागदांशी जुळतात का? जुळत नसतील तर निर्णय टिकत नाही. कोर्टात जाण्यात अर्थ असतो तो अशाच प्रकरणात.

जर्मनीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. तिथे ‘रिमॉन्स्ट्रेशन’ नावाची एक फार सोयीची पद्धत होती. नकार आला की वकिलातीलाच पत्र लिहायचं, नवे कागद जोडायचे, आणि ते पुन्हा विचार करायचे. फी नाही, वकील नाही. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ही सोय जगभर बंद केली. २०२३ पासून काही ठिकाणी त्याचा प्रयोग चालू होता. कारण सांगितलं गेलं ते असं: आक्षेप तपासण्यात अडकलेली माणसं मोकळी केली की नवे अर्ज लवकर निकाली निघतात. आता दोनच रस्ते उरलेत. नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून बर्लिनमध्ये केस लढवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

चौघांकडे एकत्र बघा. नकारानंतर दाद मागायची जागा मुळात कमी होती, ती आणखी कमी होतेय. याचा अर्थ खरी लढाई आता अर्ज करण्याआधीच लढावी लागते. ‘बघू, टाकून तर देऊ, नाही झालं तर अपील आहेच’ हा हिशोब चालणारा राहिलेला नाही.

दुसरं घड्याळ

आता नोंदणीकडे येऊ, कारण बहुतेक घरांमध्ये याच ठिकाणी गफलत होते.

ऑफर लेटर म्हणजे प्रवेश नाही. विद्यापीठात जाऊन, कागद दाखवून, फी भरून, नाव नोंदवलं गेलं की तुम्ही विद्यार्थी झालात. प्रत्येक ठिकाणी या नोंदणीची शेवटची तारीख असते. अमेरिकेत आय-२० वर कोर्स सुरू होण्याची तारीख छापलेली असते. त्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी तुम्ही देशात शिरू शकता, आणि कोर्स सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत विद्यापीठाला तुमची नोंद सेव्हिसमध्ये पक्की करावी लागते. ब्रिटनमध्ये ‘कॅस’ एकदाच वापरता येतो. त्यावर केलेला अर्ज नाकारला गेला, की नव्या अर्जासाठी नवा ‘कॅस’ लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे विद्यापीठ ठरवतं. कॅनडात ऑफर लेटरबरोबर बऱ्याच कोर्सेसना प्रांताचं संमतिपत्र लागतं. त्यालाही मुदत असते. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांचा प्रवेश त्या एकाच सेमिस्टरपुरता असतो. तो हुकला की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

आता ही दोन घड्याळं शेजारी ठेवा. समजा, ब्रिटनचा नकार २० ऑगस्टला आलाय आणि नोंदणीची शेवटची तारीख २९ सप्टेंबर आहे. तुम्ही २८ दिवसांपैकी २५ दिवस विचारात घालवून रिव्ह्यू टाकलात, तर निकाल येईपर्यंत वर्ग सुरू होऊन जुने झालेले असतील. याउलट दोन दिवसांत पत्र नीट वाचून, नवा ‘कॅस’ मागून, नवा अर्ज केला असता तर कदाचित वेळेत जमलं असतं. कॅनडात तर कोर्टाचा मार्ग म्हणजे काही महिन्यांचं काम. या सप्टेंबरचं विमान कोर्ट पकडून देऊ शकत नाही. तो मार्ग निवडायचा, तर पुढच्या इनटेकसाठी निवडायचा.

म्हणून नकार आल्यावर पहिला मेल वकिलाला किंवा कन्सल्टंटला नाही, विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला करा. त्यात तीनच प्रश्न विचारा: उशिरात उशिरा कधीपर्यंत हजर होता येईल? प्रवेश पुढच्या इनटेकला ढकलता येईल का? आणि डिपॉझिट परत मिळण्यासाठी नकाराचं पत्र कधीपर्यंत पाठवायचं? तिसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात. लाजू नका. बऱ्याच विद्यापीठांत व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळण्याची तरतूद असते, पण तिलाही तारीख असते, आणि ती कोणी फोन करून आठवण करून देत नाही.

चूक कोणाची?

आता पत्र हातात घ्या. वाचताना एकच गोष्ट शोधा: कारण कोणत्या प्रकारचं आहे? ढोबळमानाने तीन प्रकार निघतात.

पहिला, चूक त्यांची. ब्रिटनचा नियम बघा. आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या तारखेच्या ३१ दिवसांपेक्षा जुना नसावा. तुमच्या स्टेटमेंटमध्ये हे सगळं बरोबर आहे, तरी अधिकाऱ्याने तारीख चुकीची वाचली. इथे रिव्ह्यू मागा, लगेच मागा, आणि पत्रात रागाऐवजी पान क्रमांक आणि तारखा लिहा.

दुसरा, चूक आपली. पैसे २८ ऐवजी २६ दिवस होते. किंवा सतराव्या दिवशी बाबांनी ताईच्या लग्नाच्या हॉलचा चेक दिला आणि शिल्लक एका दिवसासाठी खाली गेली. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो एक दिवसही मोडतो. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमधल्या विद्यार्थ्यांसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, असा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय पहिल्या वर्षाची उरलेली फी वेगळी. जुन्या सीनियरच्या एक्सेल शीटवरून आकडा घेतला तर इथेच गोची होते. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटचंही तसंच. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो लागतात. कॅनडात एकट्या विद्यार्थ्यासाठी राहण्याच्या खर्चाचा आकडा सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर झाला. अशी चूक असेल तर अपिलात वेळ घालवू नका. दुरुस्त करा आणि नवा अर्ज करा.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: चूक कोणाचीच नाही, पण अधिकाऱ्याला पटलं नाही. ‘अर्जदार शिक्षण संपल्यावर परत जाईल याची खात्री वाटत नाही’, ‘निवडलेला कोर्स आधीच्या शिक्षणाशी सुसंगत वाटत नाही’. इंजिनीअरिंग करून दोन वर्षं नोकरी केलेला मुलगा एकदम जनरल बिझनेस डिप्लोमाला का निघालाय, याचं उत्तर त्याच्या अर्जात नसेल तर हा शेरा येणारच. असा नकार आल्यावर तेच कागद, तेच निबंध, फक्त नवी तारीख टाकून परत पाठवणं म्हणजे पैसे पाण्यात. काहीतरी खरंच बदलायला हवं: कोर्स, पैशांचा पुरावा, किंवा ‘हाच कोर्स का’ याचं तुमच्या शब्दांतलं उत्तर. आणि हो, ते तुमच्याच शब्दांत हवं. एकाच कन्सल्टंटच्या ऑफिसातून निघालेले चाळीस एकसारखे निबंध वाचणाऱ्या माणसाला ते ओळखू येतात.

कॅनडाच्या बाबतीत एक चांगला बदल झालाय. जुलै २०२५ च्या अखेरीपासून स्टडी परमिटच्या नकाराबरोबर अधिकाऱ्याच्या टिपणीही देणं सुरू झालंय. पूर्वी त्या मागवण्यातच कितीतरी दिवस जायचे. त्या टिपणी आल्या असतील तर आधी त्या वाचा. खरं कारण तिथे सापडतं.

एवढे नकार का येतायत?

हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. उत्तराचा एक भाग राजकारणात आहे. घरांची टंचाई, स्थलांतराचे आकडे, निवडणुका. पण दुसरा भाग थेट नोंदणीशी जोडलेला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा बोलला जात नाही.

कॅनडातली कॉलेजं, त्यांच्याकडे परमिट घेऊन आलेली मुलं खरंच शिकतायत का, याचा अहवाल सरकारला देतात. २०२४ च्या वसंतातल्या अहवालांवरून जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या माध्यमांत बातमी आली: सुमारे ५० हजार विद्यार्थी कॉलेजात हजरच नव्हते, आणि त्यातले जवळपास २० हजार भारतीय होते. त्याआधी बनावट ऑफर लेटरची प्रकरणं बाहेर आल्यावर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक ऑफर लेटर थेट कॉलेजकडून तपासून घेणं सुरू झालं होतं. पुढे रॉयटर्सच्या बातमीनुसार ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांचे सुमारे ७४ टक्के स्टडी परमिट अर्ज नाकारले गेले. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास होतं. जो मुलगा कॉलेजात न जाता गोदामात कामाला लागला, त्याची किंमत आज कागद स्वच्छ असलेली मुलगी मोजतेय. हे अन्यायाचं आहे, पण समोरच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते यातून कळतं.

ब्रिटनमध्ये तर तुमचा नकार विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर जातो. तिथे परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना टिकवायला विद्यापीठाला तीन कसोट्या पार कराव्या लागतात. मे २०२५ मध्ये त्या अशा होत्या: नाकारल्या गेलेल्या व्हिसांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली, व्हिसा मिळालेल्यांपैकी किमान ९० टक्क्यांची नोंदणी, आणि किमान ८५ टक्क्यांनी कोर्स पूर्ण करणं. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने या तिन्ही कसोट्या पाच-पाच टक्क्यांनी कडक करायचं जाहीर केलं. म्हणजे नकारांची मर्यादा ५ टक्क्यांवर. आता कळलं ना, ‘कॅस’ देण्याआधी विद्यापीठ एवढा लांबलचक इंटरव्ह्यू का घेतं आणि बँक स्टेटमेंट स्वतःच आधी का तपासतं? नकारानंतर नवा ‘कॅस’ द्यायला ते का कां-कूं करतात, तेही यातूनच कळतं. म्हणून त्यांना मेल लिहिताना ‘मला आणखी एक चान्स द्या’ एवढंच लिहू नका. नकार का आला, त्यात काय दुरुस्त केलं आणि पुरावा काय, हे लिहा. त्यांना तुमच्यावर दया करायची नसते. त्यांना स्वतःचा आकडा सांभाळायचा असतो. त्यांना तो सांभाळता येईल असं पत्र द्या.

एक गोष्ट अजिबात करू नका

नकार लपवू नका. पुढच्या बऱ्याच फॉर्ममध्ये प्रश्न असतो, ‘याआधी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का?’ काही एजंट सरळ सांगतात, ‘दुसऱ्या देशाचं आहे, त्यांना कुठे कळतंय!’ अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश बोटांच्या ठशांची माहिती एकमेकांशी पडताळतात. कळतं.

नुसत्या नकाराने पुढचे रस्ते बंद होत नाहीत. नकार लपवल्याने होतात. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, आणि अमेरिकेत ती कायमची असू शकते. फॉर्म कोणी भरला, हे तिथे कोणी विचारत नाही. सही तुमची असते. म्हणून कन्सल्टंटने भरलेला फॉर्म पाठवण्याआधी स्वतः ओळ न् ओळ वाचा, आणि पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. ‘गॅरंटीने अपील’ असं पॅकेज कोणी विकत असेल, तर त्याला एकच विचारा: ‘हे अपील कोणत्या कार्यालयात, कोणत्या नियमाखाली?’ उत्तर गोलमोल आलं की उठा तिथून.

आणि व्हिसा मिळालाच तर?

दुसऱ्या प्रयत्नात मिळाला, की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण नोंदणीच्या अटी तिथे पोचल्यावर संपत नाहीत. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याला दर सेमिस्टरला साधारण १२ क्रेडिट घ्यावेच लागतात. अवघड वाटतंय म्हणून एखादा विषय सोडायचा असेल तर आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी घ्यायची. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नवं परमिट लागतं. ‘आधी कुठेही प्रवेश घेऊ, तिथे गेल्यावर बदलू’ हा जुना सल्ला आज महागात पडतो.

नकाराचा मेल आलेल्या रात्री हे सगळं डोक्यात शिरणार नाही, हे मान्य आहे. त्या रात्री फक्त एवढंच करा: पत्राची पीडीएफ जतन करा, त्यावरची तारीख वहीत लिहा, आणि झोपा. दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर बसून ते मोठ्याने वाचा. इंग्रजीतलं पत्र आई-बाबांना मराठीत समजावून सांगताना, कारण नेमकं काय आहे ते तुम्हालाही पहिल्यांदा कळेल. मग विद्यापीठाला मेल. मग बँकेला फोन, कारण लोनच्या मंजुरीलाही मुदत असते. सरकारी परदेश शिष्यवृत्ती मिळाली असेल तर त्या विभागालाही कळवा. अपील, नवा अर्ज की पुढचा इनटेक, हा निर्णय त्यानंतर.

आणि त्या नातेवाइकांच्या ग्रुपवर काय सांगायचं? जे झालंय तेच. ‘या वेळी व्हिसा नाही मिळाला, जानेवारीचं बघतोय.’ एवढं एक वाक्य पुरतं. तुमची मार्कशीट, तुमचं ऑफर लेटर आणि ते मिळवण्यासाठी केलेला अभ्यास अजून तुमच्याकडेच आहे. एका इनटेकचा उशीर झालाय. घाईत दुसरी चूक केली नाही, तर तो उशीर तेवढाच राहील.